एकोणचाळीस शून्यं

धुकं तिसऱ्या दिवशीही उठलं नव्हतं. सकाळचे साडेआठ वाजले तरी रस्त्यावरचे दिवे चालूच होते, आणि समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून कळायचा, मग चेहऱ्यावरून. भिंगताईंनी कार्यालयाचं कुलूप काढलं, दमट शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि चहाचं आधण ठेवायच्या आधी हजेरी घ्यायला बसल्या.

हजेरी गावांची होती. कोपऱ्यातलं एक यंत्र दर दहा मिनिटांनी पूर्वेकडच्या पट्ट्यातल्या तीनशे सहा गावांच्या इंटरनेटवर टकटक करून यायचं. कोणी आहे का? गावातला एखादा मोडेम, दुकानातला संगणक, दारावरचा कॅमेरा, जे काही जागं असेल ते उत्तर द्यायचं, आहे. उत्तर आलं की पडद्यावर त्या गावापुढे हिरवा ठिपका पडायचा, नाही आलं की काळा. गावांना इथे नावं नव्हती, नंबर होते. भिंगताई एकेका नंबरावर पेन्सिलीचं टोक ठेवत खाली यायच्या, शाळेत मास्तर यायचे तशा, आणि दोनशे चौदापाशी आल्या की पेन्सिल थांबायची.

दोनशे चौदा आज एकोणचाळिसाव्या दिवशीही काळंच होतं.

त्यांची धाकटी बहीण तिथे होती. दवाखान्यात नर्स, सोळा वर्षं त्याच गावात. नेट बंद पडलं त्याच्या आदल्या दिवशी दोघींचं बोलणं झालं होतं, तेही धड नाही. धाकटी मुलीच्या चपलांचं माप सांगत होती, आणि भिंगताई बसमध्ये उभ्या होत्या, एका हातात पिशवी, एका हातात फोन. नंतर बोलते म्हणाल्या आणि ठेवला. ते नंतर अजून यायचं होतं. रोज सकाळी त्या नंबर लावायच्या, आणि फोनमधली बाई सांगायची की हा ग्राहक सध्या संपर्कक्षेत्राबाहेर आहे. त्या बाईचा आवाज आता इतका ओळखीचा झाला होता, की तिला सर्दी झाली असती तर भिंगताईंना कळलं असतं.

त्यांचं खरं नाव कार्यालयात कोणी घेत नसे. एकवीस वर्षं त्यांनी एका दैनिकात मुद्रितं तपासली होती. डोळ्याला भिंग लावून बसायच्या, म्हणून भिंगताई. दैनिक बंद पडलं तेव्हा राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. सरांचा प्रश्न सांगायला सोपा होता: सरकार जेव्हा लोकांचं नेट तोडतं, फोन चोरून ऐकतं, तेव्हा लढाई वाढते की थंडावते? पूर्वेच्या पट्ट्यात फौज आणि डोंगरातले लोक यांची लढाई बारा वर्षं चालली होती, त्यामुळे मोजायला माल भरपूर. रोज बातम्या वाचायच्या, कोणत्या गावात काय झालं, किती माणसं गेली, ते तक्त्यात भरायचं. नियम एकच आणि कडक. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून बातमी आली तरच नोंद. एकाच तोंडून आलेलं काहीही तक्त्यात शिरू द्यायचं नाही, मग ते कितीही खरं वाटो.

आणि या नियमाला एक शेपूट होतं, ते भिंगताईंनी स्वतः जोडलेलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी सरांना सांगितलं होतं, की ज्या दिवशी काही नाही त्या दिवशीचा चौकोन रिकामा ठेवू नका, शून्य घाला. रिकामा चौकोन बघितला की त्यांना कसंतरी व्हायचं. छापलेल्या पानात मधेच पांढरी जागा सुटली, तर ती कोणाची तरी चूक असते, हे एकवीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं होतं. सरांना पटलं. गणितवाल्यालाही बरं वाटलं, रिकाम्या चौकोनांवर त्याची गणितं अडखळायची. तेव्हापासून नऊ वर्षं भिंगताई रोज शून्यं भरत होत्या. स्वच्छ, एका ओळीत.

गणितवाला दहाच्या सुमाराला आला. चाळिशीला टेकलेला, सदऱ्याला नेहमी एक बटण कमी, आणि बोलणं असं की गंमत करतोय की सांगतोय ते कळायला वेळ लागायचा. आज मात्र गंमत नव्हती. महिन्याचा नकाशा त्याने भिंतीवर लावला. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत तो मदतवाल्यांकडे जायचा होता. औषधांचे ट्रक, डॉक्टर, तंबू कुठल्या गावाला आधी पाठवायचे ते मदतवाले त्यावरून ठरवायचे. जिथे माणसं जास्त मेली तिथे लाल, कमी तिथे गुलाबी, जिथे काहीच झालं नाही तिथे पांढरं.

भिंगताई चहाचा कप घेऊन नकाशापुढे उभ्या राहिल्या. सगळा पट्टा गोवर उठल्यासारखा दिसत होता, आणि मधोमध एक ठिकाण होतं, दुधासारखं पांढरं. तीनशे सहा गावांत सगळ्यात शांत गाव दोनशे चौदा.

त्यांनी कप खाली ठेवला.

गणितवाला यंत्राशी काहीतरी खुडबुडत होता. पाठमोराच म्हणाला, की एक विचित्र गोष्ट आहे, सांगू की नको कळत नाही. दोनशे चौदामधून कोणीतरी उत्तर देतंय. सगळं गाव काळं, पण नेटवरचा एक पत्ता रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी एकदा आहे म्हणतो आणि गप्प होतो. तो इतका थोडा वेळ असतो की ठिपका हिरवा होत नाही. आठवडाभर त्याला वाटत होतं यंत्राची चूक आहे, म्हणून बोलला नाही.

दोघं खुर्च्या ओढून बसले. बाहेर धुक्यात एक सायकल घंटी वाजवत गेली, ती किती लांब आहे ते कळेना. बारा वाजले. बारा दहा झाले. पडद्यावर एक ओळ उमटली आणि थांबली.

"माणूस असेल का रे?" भिंगताईंनी विचारलं.

"माणूस इतका वेळेवर नसतो, भिंगताई."

पत्त्याचा माग काढायला त्याला तासभर लागला. निघालं ते गावाच्या पाण्याच्या टाकीवरचं मीटर. वर छोटंसं सौरपटल, थेट उपग्रहाशी बोलायची सोय. गावाची वीज गेली काय किंवा नेट तोडलं काय, त्याला पत्ता नाही. दिवसातून एकदा ते बोलायचं, पण मागच्या चोवीस तासांचं सगळं एकदम सांगायचं: कुठल्या तासाला टाकीत किती पाणी होतं. ते आकडे कोणालाही बघता येतील अशा एका पानावर जाऊन बसत. एकोणचाळीस दिवसांत ते पान कोणी उघडलं नव्हतं.

भिंगताईंनी सवयीने भिंग काढलं, पडद्यावर ते कामाचं नसतं हे माहीत असून.

नेट तुटल्यावरचे पहिले चार दिवस आकडे कुठल्याही गावाचे असावेत तसे होते. पहाटेपासून पाणी उतरायचं, दुपारी पंप भरून काढायचा, संध्याकाळी परत उतरायचं. त्या उतरण्यात त्यांना धाकटीचं स्वयंपाकघर दिसलं. नळ जोरात सोडायची तिला खोड होती. पाचव्या दिवशी दुपारी टाकी भरली, तीन मीटर बेचाळीस. संध्याकाळी तीन बेचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बेचाळीस. भिंगताई खाली खाली सरकत गेल्या. तीन बेचाळीस, तीन बेचाळीस. चौतीस दिवस. पाच हजार वस्तीचं गाव, आणि एवढ्या दिवसांत कोणी चूळ भरायलासुद्धा नळ सोडला नव्हता.

गणितवाला म्हणाला, मीटर अडकलं असेल. म्हणताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

पानाच्या तळाशी दुरुस्तीवाल्याचा नंबर होता. भिंगताईंनी तिथल्या तिथे लावला. माणूस बोलका निघाला, कुठेतरी दुसऱ्या टोकाच्या शहरात बसून शंभर टाक्यांवर नजर ठेवायचा. त्याने पान उघडलं, जरा वेळ हं हं केलं, आणि म्हणाला की मॅडम, मीटर ठणठणीत आहे. अडकलेलं मीटर दगडासारखं एकच आकडा देतं. इथे बघा, दुपारी उन्हाने पाणी एक-दोन मिलिमीटर फुगतं, पहाटे तेवढंच बसतं. श्वास घेतल्यासारखं. टाकीला गळती नाही, काही नाही. नुसती वापरात नाहीये. मग त्याने सहज विचारलं, गाव उठलंय का तिथलं?

भिंगताईंनी माहीत नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे दोन शब्द त्यांनी नऊ वर्षांत तक्त्यात एकदाही लिहिले नव्हते. लिहायला जागाच नव्हती.

सर दुपारी आले. भला माणूस, पायरी चढताना आधी मफलर सांभाळायचा. भिंगताईंनी त्यांना पान दाखवलं, आकडे दाखवले, दुरुस्तीवाला काय म्हणाला ते सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले की हे भयंकर आहे, पण ही नोंद नाही. टाकी काय झालं ते सांगत नाही. दोन ठिकाणांहून सोडा, एका ठिकाणाहूनही बातमी नाही. लोक नदीवर जात असतील. फौजेने गाव रिकामं करून दुसरीकडे नेलं असेल. आपण एक आकडा अंदाजाने घातला तर उद्या मंत्रालय म्हणेल, हे अफवा मोजतात. मग बाकीची तीनशे पाच गावंही गेली.

"मला आकडा घालायचा नाही, सर," भिंगताई म्हणाल्या. "काढायचा आहे."

सरांना आधी उमगलं नाही. भिंगताईंनी बोट ठेवून दाखवलं. दोनशे चौदा, पहिला दिवस शून्य, दुसरा दिवस शून्य, असं एकोणचाळिसापर्यंत. हे मी भरलंय, त्या म्हणाल्या. रोज सकाळी, इथे बसून. मला काही कळलं नाही म्हणून मी लिहिलं की काही झालं नाही.

 सरांनी मफलर काढला, पुन्हा गुंडाळला. मग हळूच म्हणाले, नियम तुमचाच होता, बाई. टोमणा नव्हता तो. आठवण करून दिल्यासारखं म्हणाले, पण लागायचं तिथे लागलं. भिंगताई म्हणाल्या, हो, माझाच, म्हणून तर मी मागे घेतेय.

गणितवाल्याने खुर्ची जवळ ओढली. एका गावाचे चौकोन रिकामे करायचे तर नियम म्हणून सगळीकडेच करायला हवेत, तो म्हणाला, नाहीतर ताईंची बहीण आहे म्हणून केलं असं होईल. नऊ वर्षांत जिथे जिथे हजेरी काळी आहे, त्या सगळ्या दिवसांची शून्यं काढून बघूया काय उरतं ते. सरांनी मान हलवली नाही, पण नको असंही म्हणाले नाहीत. गणितवाल्याने तक्त्याची एक नक्कल काढली आणि कळ दाबली.

अकरा हजारांवर चौकोन होते. काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग त्याने नऊ वर्षांचा जुना नकाशा आणि हा नवा, दोन्ही शेजारी शेजारी लावले.

जुन्या नकाशावर इथे तिथे पांढरी बेटं होती, शांततेची. सरांच्या पुस्तकाचा पायाच ती बेटं होती. नेट तोडलं की हिंसा थंडावते, असं आकडे सांगत होते, तसं सरांनी अनिच्छेने का होईना लिहिलं होतं, आणि मंत्र्यांनी ते पान सभागृहात वाचून दाखवलं होतं. नव्या नकाशावर ती बेटं नव्हती. त्यांच्या जागी भोकं होती, त्याच आकाराची, कडेला कड जुळणारी. पट्ट्यात शांतता जेवढी म्हणून होती, तेवढी सगळी अंधारातच निघाली. उजेडातलं एकही गाव पांढरं नव्हतं.

सर कितीतरी वेळ भिंतीपाशी उभे होते. एका भोकाजवळ बोट नेलं आणि टेकवलं नाही, गरम असावं तसं.

"यातली किती..." ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे चौदापुढे आणखी एक काळा ठिपका आला होता, चाळिसावा, पण नकाशाचा महिना आदल्या दिवशीच संपला होता. सर रात्रभर जागलेले दिसत होते. त्यांनी नकाशाखाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, की आमची मोजण्याची रीत चुकली होती, नऊ वर्षांची, आणि त्यामुळे माझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण खोटं आहे. सही केली. मूळ तक्त्यातली दोनशे चौदाची शून्यं मात्र भिंगताईंनी यंत्राला काढू दिली नाहीत. एकेक चौकोन स्वतः पुसला. पांढऱ्या जागेवर एवढा वेळ नजर ठेवायची त्यांना सवय नव्हती. विसाव्याच्या आसपास वाटायला लागलं की चौकोनाच्या आतून कोणीतरी बाहेर बघतंय. त्यांनी डोळे चोळले आणि एकविसावा पुसला.

नकाशा पाचला गेला, आणि मदतवाल्यांचा फोन संध्याकाळीच आला. त्यांनी विचारलं, त्या गावात काय आहे? सर म्हणाले, माहीत नाही. किती जखमी? माहीत नाही. माणसं तरी आहेत का? सरांनी भिंगताईंकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाले. पलीकडचा माणूस वैतागला नाही. त्यांच्याकडेही एक नियम होता: जिथलं काहीच कळत नाही, तिथे आधी दोन गाड्या जाऊन बघून येतात. शांत गावाला कोणी बघायला जात नाही, एवढंच. नदीच्या पुलावरून जायला फौजेची परवानगी लागेल, ती आज मागतो म्हणाला.

परवानगी मंगळवारी मागितली. बुधवारी काही कळलं नाही. गुरुवारी निरोप आला, की शनिवारनंतर जा.

शुक्रवारी बारा दहाला भिंगताई आणि गणितवाला पडद्यापुढे बसलेले होते. ओळ उमटली. गणितवाल्याने पान उघडलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

तीन मीटर चाळीस.

पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान पाणी दोन सेंटिमीटर उतरलं होतं. भिंगताई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्यांनी हाताने तोंड दाबलं, आणि तशाच एका हाताने दुरुस्तीवाल्याचा नंबर लावला. कोणीतरी पाणी घेतलंय, त्या म्हणाल्या, बघा ना, किती जणांनी घेतलं असेल?

त्याने हिशोब केला. त्या टाकीत दोन सेंटिमीटर म्हणजे दोन हजार लिटर. पण घरातले नळ सुटले की पाणी थेंबाथेंबाने उतरतं, रेषा तिरकी येते. ही सरळ खाली आलीय. तो मोकळेपणाने सांगत होता, त्याला त्या गावाचं काही माहीत नव्हतं. मोठा पाइप लावलाय, मॅडम, खालच्या तोटीला. टँकर भरला असेल, नाहीतर रस्ता-बिस्ता धुऊन काढला असेल कोणी.

भिंगताईंनी त्याचे आभार मानले आणि फोन हळूच ठेवला. गणितवाल्याला फोनमधलं ऐकू गेलं होतं. तो खाली बघत सदऱ्याच्या नसलेल्या बटणाशी चाळा करत राहिला. शनिवार यायला अजून एक दिवस होता.

तक्त्यात त्यांनी नवा रकाना काढला होता, शेऱ्याचा. दोनशे चौदाच्या पुढे त्यांनी लिहिलं: पहाटे पाच ते सहा, टाकीतून दोन हजार लिटर पाणी काढलं. कोणी, माहीत नाही. कशासाठी, माहीत नाही. आकड्याच्या चौकोनात काहीच भरलं नाही. मग सरांना बोलावून दाखवलं. सरांनी ते दोनदा वाचलं, आणि मदतवाल्यांना, तीन वर्तमानपत्रांना आणि परदेशातल्या दोन विद्यापीठांना तो आकडा वेळेसकट कळवायला बसले. एकेकाला वेगळं पत्र लिहिलं. धुवून काढलं तरी हे राहील, म्हणाले, निदान एवढं तरी.

भिंगताई घरी पोचल्या तेव्हा उजेड होता. धुकं पातळ झालं होतं, समोरच्या इमारतीच्या खिडक्या बऱ्याच दिवसांनी मोजता येत होत्या. नवरा ओट्यापाशी उभा राहून मटार निवडत होता. गेले चार दिवस तो एकच प्रश्न विचारायचा, तोच आजही त्याने मान न उचलता विचारला.

"काय म्हणतंय तुझं पाणी?"

"उतरलं," भिंगताई म्हणाल्या. "दोन सेंटिमीटर."

त्याचे हात थांबले. चेहरा असा उजळला, की भिंगताईंना दुसरीकडे बघावं लागलं. म्हणजे आहेत गं, तो म्हणाला, आहेत माणसं. मी सांगत नव्हतो का तुला, धाकटी काही अशी तशी नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "आहे कोणीतरी."

शाल खुंटीला अडकवून त्यांनी हात धुतले, स्टूल ओढलं आणि परात मांडीवर घेतली. शेंगा जून होत्या, शिरा ओढून काढाव्या लागत होत्या. त्याने ढीग अर्धा त्यांच्याकडे सरकवला. किडकी शेंग निघाली की त्या बाजूला टाकत, आणि दाणे परातीत.